सवलत राज्याच्या सीमेवर का थांबावी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावात जूनमध्ये दोन ठिकाणी गर्दी असते. कृषी केंद्रात बियाण्यासाठी आणि सेतू केंद्रात दाखल्यांसाठी. बऱ्याच घरांत दोन्हीकडे धावणारा माणूस एकच असतो आणि दोन्हीकडचा पैसाही एकाच पिकातून यायचा असतो. त्याच दिवसांत बारावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने वारंगळ, सुरत, हैदराबाद, दिल्ली अशी नावे घेतली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: तिकडे फी किती?

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. आपल्या देशात राज्याबाहेरच्या सरकारी संस्थेत शिकण्याची खरी किंमत फीच्या पावतीवर क्वचितच छापलेली असते. ती वेगळ्या जागी दडलेली असते: बाहेरच्यांसाठी जागा कमी म्हणून वर चढलेल्या कटऑफमध्ये, राज्याची हद्द ओलांडताच गळून पडणाऱ्या सवलतींमध्ये आणि खोली-मेसच्या खर्चामध्ये. हा सगळा हिशेब मांडला तर कधी वारंगळ यवतमाळपेक्षा स्वस्त पडते आणि कधी हद्दीपलीकडचे जवळचे विद्यापीठही घराला कर्जात लोटते. कुटुंबाने निर्णय या पूर्ण हिशेबावर घ्यावा. आणि त्यातली जी किंमत सरकारी नियमांमुळे वाढते, ती सरकारने कमी करावी.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न फार सरळ रूपात येतो. तिथल्या सरकारी विद्यापीठांचे दोन दर असतात, राज्यातल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२५-२६ मध्ये बाहेरून नव्याने येणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३७ हजार डॉलरहून जास्त अधिभार लावला. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलीला बर्कलेत प्रवेश मिळाला तर आईवडिलांपुढे आकडे स्पष्ट असतात. ऑस्टिनला इतके, बर्कलेला इतके, मधला फरक इतका. पटला तर द्यायचा, नाही तर नाही.

आपल्याकडे असा दुहेरी दर कमी ठिकाणी दिसतो, पण त्याला न्यायालयाची मान्यता जुनी आहे. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना मात्र १,३०० ते १,५०० रुपये भरावे लागत. दिल्लीचे रहिवासी असलेले डी. पी. जोशी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जानेवारी १९५५ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने राज्याचा नियम कायम ठेवला. जन्मस्थानावरून भेदभाव करता येत नाही, पण रहिवासावरून फरक करता येतो. राज्य आपला पैसा आपल्या रहिवाशांच्या शिक्षणावर खर्च करते यात गैर काही नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

त्या वेळी बाभुळगाव मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. इंदूर मध्य भारत या वेगळ्या राज्यात असल्याने यवतमाळ जिल्ह्यातला मुलगा तिथे बाहेरचाच ठरला असता. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पाच-सहा वर्षांत गावाने जागेवरून न हलता तीन राज्ये पाहिली. ‘आपले राज्य’ आणि ‘बाहेरचे राज्य’ या शब्दांवर एखाद्या मुलीचे शिक्षण किती अवलंबून ठेवायचे, याचा विचार विदर्भाने तरी मोकळेपणाने करावा. आजही यवतमाळहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे. पुण्याला जाणारे मूल मात्र राज्यातच राहते आणि हैदराबादला जाणारे परराज्यात जाते.

आता आकड्यांकडे येऊ. आयआयटी, एनआयटी, एम्स, केंद्रीय विद्यापीठे या केंद्राच्या संस्था आहेत. तिथे महाराष्ट्रातून आला म्हणून कोणाला जादा फी पडत नाही. एनआयटीची शिकवणी फी २०१६ पासून वर्षाला १,२५,००० रुपये आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत तीच, वारंगळला तीच, सुरतेला तीच. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ होते. १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ होते आणि उरतात ४१ हजारांच्या आसपास. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ आहे.

बाभुळगावच्या घरात हा हिशेब कापसात केला तर चटकन कळतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पूर्ण फी म्हणजे पंधरा क्विंटलांहून जास्त कापूस, सवलतीनंतरची फी म्हणजे पाच क्विंटलांच्या थोडी वर. समजा जवळच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी लाख रुपये आहे आणि खुल्या वर्गातल्या मुलाला राज्य सरकारची निम्मी सवलत मिळाली. तरी त्याला ५० हजार भरावे लागतील. म्हणजे उत्पन्नाचा दाखला नीट असेल तर शिकवणी फीपुरते वारंगळ यवतमाळपेक्षा स्वस्त. केवळ ‘सव्वा लाख’ हा आकडा ऐकून ज्यांनी अर्जच भरला नाही, अशा घरांना ही गोष्ट कोणीतरी वेळेवर सांगायला हवी होती.

पण केंद्रीय संस्थांमध्येही राज्याची भिंत आहे. ती फीत नसून रँकमध्ये आहे. एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. महाराष्ट्रात एनआयटी एकच, व्हीएनआयटी. तिथे हा मुलगा घरचा, बाकी सगळीकडे बाहेरचा. आणि बाहेरच्यांच्या यादीत साधारणपणे वरची रँक लागते. दिल्ली सरकारच्या दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत तर ८५ टक्के जागा दिल्लीकरांसाठी आहेत. उरलेल्या १५ टक्क्यांत सगळा देश, आणि फी वर्षाला दोन लाखांच्या पुढे.

इथे एक नियम असा आहे की तो अनेक पालकांना फार उशिरा कळतो. एनआयटीसाठी ‘घरचे राज्य’ कोणते, हे बारावी कुठून पास झाली यावरून ठरते. आधारवरचा पत्ता किंवा शेतीचा सातबारा त्यासाठी उपयोगाचा नाही. मुलाला क्लाससाठी कोटा किंवा हैदराबादला पाठवले आणि बारावी तिथूनच दिली, तर व्हीएनआयटीतली महाराष्ट्राची जागा हातची गेली. वैद्यकीय प्रवेशातही तसेच. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी सर्वसाधारणपणे राज्यातूनच झालेली लागते. नाही तर उरतो तो देशभराचा १५ टक्के कोटा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातले रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले, पण एमबीबीएसचा राज्य कोटा कायम आहे. म्हणून राज्याबाहेर जाण्याचा खरा निर्णय बारावीनंतर होत नाही. तो दहावीनंतर, अकरावीच्या अर्जावर होतो, आणि त्या वेळी त्याचे गांभीर्य घरात कोणालाच ठाऊक नसते.

दुसरी किंमत सवलतींची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. निर्णय चांगला आहे, आणि गावोगावच्या मुलींना त्याने धीर दिला. मात्र तो राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेशी बांधलेला आहे. हीच मुलगी अधिक अवघड परीक्षा देऊन सुरतेच्या एनआयटीत पोचली, तर ही माफी तिच्याबरोबर जात नाही. मुलांसाठीची राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीही राज्यातल्या प्रवेशापुरतीच. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मुंबई, पुणे, नागपुरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत देणारी स्वाधार योजना आहे. तिची रचनाही राज्यातल्या शहरांच्या वर्गवारीवर उभी आहे.

जातीच्या दाखल्याचे गणित तर आणखी बारीक आहे. यवतमाळ जिल्ह्यात बंजारा समाज मोठा. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोडतो आणि त्या प्रवर्गाला व्यावसायिक शिक्षणात शिकवणी फीची पूर्ण सवलत आहे. केंद्राच्या यादीत तोच समाज इतर मागासवर्गात येतो. हद्दीपलीकडे तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, पण तिथे जाणाऱ्या महाराष्ट्राच्या बंजारा मुलाला ते आरक्षण मिळत नाही. आरक्षण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशाच्या प्रकरणात स्पष्ट केले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मराठा समाजाला दिलेले १० टक्के आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. तिथे पात्र असल्यास आर्थिक दुर्बल घटकाचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा लागतो. कुणब्यांना दोन्हीकडे इतर मागासवर्ग आहे, पण केंद्राचा नॉन-क्रीमिलेअर दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो. तहसील कार्यालयात हे दाखले मिळतात. ते कधी आणि कोणत्या नमुन्यात मागायचे, हे मुलाला माहीत नसते आणि समुपदेशनाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत.

सीमा ओलांडून मुलासोबत जाणारी मदतही आहे. अनुसूचित जाती-जमातीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेत, परराज्यात शिकतानाही मूळ राज्याकडून मिळते. निवडक राष्ट्रीय संस्थांत शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत देशातल्या आठशेहून अधिक नामांकित संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज मिळू शकते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याजसवलत आहे. सातबारा गहाण न ठेवता कर्ज मिळणे, ही कोरडवाहू शेतकऱ्यासाठी लहान गोष्ट नाही. मुख्य अट ही की संस्था यादीतली हवी. मूल कोणत्या राज्यातले, हे तिथे विचारले जात नाही.

मदत मंजूर होणे आणि ती वेळेवर हातात पडणे यांत मात्र अंतर असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी इथल्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, तो मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र असलेल्यांची फीमाफी काढून घेतल्यावरून. आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की घ्या, ही व्यवस्था ज्याच्या घरात शिल्लक आहे त्यालाच झेपते.

राहिला राहण्याजेवणाचा खर्च. आयआयटी-एनआयटीत वसतिगृह बहुधा मिळते. दिल्ली विद्यापीठात महाविद्यालयाची फी कमी असली तरी वसतिगृहाच्या जागा अपुऱ्या आहेत. नॉर्थ कॅम्पसभोवती खोली आणि जेवण मिळून महिन्याला पंधरा हजार धरले तर वर्षाचे झाले १,८०,०००. हमीभावाने बावीस क्विंटल कापूस. धामणगाव स्टेशनवरून धरायच्या गाडीचे भाडे वेगळे, आणि दिवाळीला घरी येता येईल की नाही हा विचार त्याहून वेगळा. बीए-बीएस्सीसाठी दिल्लीला जायचे तर फी पाहण्याआधी वसतिगृह पाहावे.

मग जावे की न जावे? सरसकट उत्तर देण्यात अर्थ नाही, पण दोन टोके अगदी स्पष्ट आहेत.

दुसऱ्या राज्याच्या राज्य विद्यापीठात, बाहेरच्यांसाठीची जादा फी भरून, घराजवळ मिळणारीच पदवी घ्यायला जाणे हा तोट्याचा व्यवहार आहे. धर्माबादपलीकडे गोदावरीकाठी बासरला तेलंगणाचे राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. दहावीनंतर सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम, ग्रामीण मुलांसाठी काढलेली संस्था, मराठवाडा-विदर्भाच्या उंबरठ्यावर. तेलंगणाच्या मुलांसाठी ती मोठी संधी आहे. परराज्यातल्या मुलांना मात्र मोजक्या जागा आणि कितीतरी जास्त फी. तेवढ्या पैशात बाभुळगावच्या मुलाला यवतमाळचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९६४ पासून चालत आलेले अमरावतीचे आहे, आणि तिथे राज्याच्या सवलतीही आहेत. वैद्यकीयसाठी यवतमाळलाच वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

दुसरे टोक केंद्रीय संस्थांचे. एनआयटी, आयआयटी, एम्स, हैदराबाद किंवा दिल्लीचे केंद्रीय विद्यापीठ, टाटा संस्था यांत प्रवेश मिळत असेल, वसतिगृह असेल आणि फीमाफीच्या चौकटीत घर बसत असेल, तर अंतराला घाबरू नये. तिथे मिळणारे ग्रंथालय, प्रयोगशाळा, देशभरातून आलेले सोबती आणि पुढच्या नोकरीची शक्यता हे सगळे त्या फीत येते. ते तालुक्याच्या गावात कितीही पैसे मोजून मिळत नाही. मधल्या सगळ्या प्रकरणांत चार आकडे कागदावर लिहावेत: सवलतीनंतरची फी, राहण्याचा खर्च, राज्यात राहिल्यास मिळणारी मदत आणि बाँडची अट. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची सेवा बंधनकारक आहे; प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो, तो प्रवेशाआधी वाचावा.

बाहेर शिकायला गेलेले परत येत नाहीत, मग राज्याने त्यांच्यावर का खर्च करावा, असा आक्षेप घेतला जातो. विदर्भाच्याच इतिहासात याला मोठे उत्तर आहे. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख अमरावतीहून पुण्याच्या फर्ग्युसनला गेले तेव्हा वऱ्हाड आणि पुणे वेगवेगळ्या प्रांतांत होते. पुढे एडिंबरा आणि ऑक्सफर्ड. परत आल्यावर त्यांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. बाहेर शिकलेल्या माणसाने सर्वांत आधी काय बांधले, तर खेड्यातल्या मुलांसाठी राहण्याची जागा. मुलांना नेमके कुठे अडते, हे त्यांनी ओळखले होते. सगळेच पंजाबराव होणार नाहीत, पण जे परततील ते काय घेऊन येतात, हे वऱ्हाडाने पाहिले आहे. अलीकडे यवतमाळमधून काम सुरू केलेली राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेशपरीक्षांसाठी तयार करते. केंद्रे स्वतः बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून टाटा संस्थेत आणि तिथून लंडनला शिकायला गेलेले आहेत.

स्थानिक विद्यापीठे मजबूत करा, मुले बाहेर जाणारच नाहीत, हा दुसरा आक्षेप. पहिला अर्धा भाग शंभर टक्के मान्य. १९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये पश्चिम विदर्भातल्या बहुसंख्य मुलांचा आधार आहेत आणि राहतील. तिथली प्राध्यापकांची पदे भरणे ही पहिली जबाबदारी. पण सव्वा लाख फीच्या भीतीने वारंगळची जागा सोडणाऱ्या मुलीला ‘विद्यापीठ सुधारेपर्यंत थांब’ असे कोणी सांगू शकत नाही. तिचे अठरावे वर्ष एकदाच येते.

सरकारकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली स्वस्त आहे. तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत दहावीच्या निकालाआधी, अकरावीचे ऑनलाइन अर्ज सुरू होण्यापूर्वी, पालकांना बारावीच्या ठिकाणाचा नियम, केंद्र आणि राज्याच्या दाखल्यांतला फरक आणि फीमाफीच्या उत्पन्नमर्यादा समजावून सांगणारी एक बैठक. तहसील कार्यालय, गटशिक्षणाधिकारी आणि कनिष्ठ महाविद्यालये मिळून हे करू शकतात. यासाठी नव्या योजनेची गरज नाही.

दुसरी मागणी पैशांची आहे, पण वाटते तेवढी महाग नाही. वर्षाला तीन लाख उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गातल्या घरातली मुलगी सुरतेच्या एनआयटीत गेली तर तिच्या शिकवणी फीचे वर्षाला ४१ हजारांच्या आसपास उरतात. तीच मुलगी राज्यातल्या खासगी महाविद्यालयात राहिली असती तर तिची पूर्ण फी महाराष्ट्रानेच भरली असती, आणि अनेक ठिकाणी ती याहून जास्त असते. ती बाहेर गेल्याने राज्याचा खर्च वाढत नाही. आज तो तिच्या बापाच्या खांद्यावर सरकतो, इतकेच. २०२४ च्या शासन निर्णयाची व्याप्ती राष्ट्रीय प्रवेश प्रक्रियेतून राज्याबाहेरच्या केंद्रीय सार्वजनिक संस्थांत गेलेल्या मुलींपर्यंत वाढवावी, त्यानंतर मुलांच्या निम्म्या सवलतीचाही तसाच विस्तार व्हावा, आणि विदर्भातल्या आमदारांनी ही दुरुस्ती येत्या हिवाळी अधिवेशनात नागपुरातच मांडावी.